शिजलेला मोती

दोन हजार एकोणीस साल. तेव्हा मी बहात्तर वर्षांचा होतो. हे आमच्या बुढीच्या, म्हणजे बायकोच्या, हिशेबाने. आधार कार्डवाल्या पोराने अडुसष्टच लिहिले आहे, आणि मी ते बदलायला गेलो नाही. फुकटात तरुण व्हायला कोणाला नको?

त्या उन्हाळ्यात गावच्या तलावावर बायकांच्या बचत गटाने मोत्यांची शेती सुरू केली होती. शिकवायला एक मॅडम भिंग घेऊन यायची. जिवंत शिंपला किंचितसा उघडायचा, आत शिंपल्याच्याच भुकटीचा मणी सरकवायचा आणि जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात लोंबता सोडायचा. शिंपला त्या मण्यावर वर्षभर थर चढवत राहतो. मी हे बांधावरून ऐकायचो, जवळ जायचो नाही. आम्ही ढिवर, मासे धरणारे. शाळा मी तिसरीत सोडली, पण पाणी कधी सोडले नाही. मोती म्हणजे काय हे मला कोणी सांगावे? माझ्या घरात मोती होता.

लग्न नवे होते तेव्हाची गोष्ट. तलाव आटला की आमच्या बायका चिखलातून शिंपले काढून आणतात. ते कोणी कच्चे फोडत नाही. चुलीवर गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घालून उकळतात, आपोआप उघडतात, मग त्यांची आंबा घालून भाजी होते. त्या दिवशी जेवताना बुढीच्या दाताखाली काही तरी कचकन आले. तिला वाटले दात पडला. निघाला हरभऱ्याएवढा गोल, पांढरा दाणा. मी म्हटले, मोती आहे. झाले, मोती ठरला. तांदळात ठेवला की मोती वाढतो म्हणतात, म्हणून तिने तो चिमूटभर तांदळासोबत डबीत ठेवला. वाढला नाही. पण कमीही झाला नाही.

मोत्यांची शेती सुरू झाली त्याच वर्षी नातीचे लग्न घुग्घुसला ठरले. पोरगा कोळशाच्या खाणीत कामाला, घरचे बरे. बुढीने डबी काढली आणि उजेडात धरून बसली.

"पोरीले देतो म्हणतो हा. पण चमकत नाई ना जी," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'देतो'च म्हणतात.

"मोतीच हाय तो."

"तुमी म्हणता म्हणून? तिकडच्या बायका हातात घेऊन पाहतीन. खोटा निघाला तर जलमभर पोरीले आयकावं लागन, आजीनं मणी देल्ला म्हणून. मॅडमले दाखवतो."

"माह्या शब्दापेक्षा तिचं भिंग मोठं झालं काय?"

"तुमचा शब्द पोरीच्या गळ्यात घालता येते काय?"

पदराच्या टोकाला मोती बांधून ती निघालीसुद्धा. मी काही तिच्या मागे गेलो नाही. मला तसेही तलावाच्या पाळीकडे जायचे होते, म्हणून दुसऱ्या बांधाने गेलो. पोचलो मात्र तिच्या आधी.

"आले काय?" बुढी म्हणाली. "मले वाटलं रुसले."

मॅडमने मोती आधी पुसला आणि दाताच्या कडेवर हलकेच घासला. बुढी हसायला लागली, "मी त याले चावूनच पायलो होतो, बाई!" मॅडम म्हणाली, काचेचा असता तर गुळगुळीत लागला असता; खरा मोती बारीक रेतीसारखा खरखरतो. मग भिंग. तिने ते माझ्याही डोळ्याला लावायला दिले. दाण्यावर बारीक रेघा होत्या, अंगठ्याच्या ठशासारख्या. थरावर थर चढतात त्यांच्या त्या कडा. असे थर शिंपलाच घालतो.

"मोतीच आहे, आजोबा. आत माणसानं मणी घातलेला नाही, हे पक्कं सांगायचं तर मोठ्या शहरात एक्स-रे काढावा लागतो."

"बुढीच्या गुडघ्याचा फोटू अजून निघाला नाई," मी म्हटले, "मोत्याचा कुठी काढत बसू? आमच्या लग्नाच्या वक्ताले इथी कोण मणी घालाले आलं होतं?"

"मंग चमकत काऊन नाई?" बुढीचे ध्यान तिथेच अडकले होते.

मॅडमने विचारले, शिंपला कसा उघडला होता? बुढीने सांगितले. मॅडम म्हणाली, थरांच्या मधे पाण्याचा, चिकट पदार्थाचा अंश असतो. उजेड थरांतून आत जाऊन परत येतो, ती मोत्याची चमक. उकळला की तो ओलावा जातो. तिने नमुन्याला आणलेला नवा मोती शेजारी ठेवला. एक ताज्या मासोळीच्या डोळ्यासारखा, एक रश्शातल्या मासोळीच्या डोळ्यासारखा. मला आणखी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही. आमच्या किती पिढ्यांनी असे मोती शिजवून खाल्ले असतील, कोण जाणे!

"म्हणजे मीच याले शिजवलो," बुढी म्हणाली. तोंड एवढेसे झाले. मग एकदम पदर तोंडाला लावून हसली. "पण खरा हाय ना? मंग झालं. खराच देतो पोरीले."

एकच अडचण मॅडमने सांगितली. शिजलेला मोती ठिसूळ होतो. भोक पाडायला गेले तर फुटेल. सोनारालाही हात लावू देऊ नका. बुढीचा चेहरा पुन्हा पडला. भोक नाही तर दोरा कुठून घालायचा? डबीतला मोती डबीतच राहणार. घरी येताना ती माझ्या बाजूने चालत होती आणि काही बोलत नव्हती. ही बाई बोलत नाही तेव्हा मला करमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेताच मी अंगणात बसलो. नातीच्या शिलाईच्या डब्यातला रेशमी लाल दोरा घेतला, बांबूची काडी सुईएवढी तासली आणि मोती आत बसेल आणि गळ्यात लोंबता राहील एवढेसे जाळे विणायला घेतले. जाळे विणणाऱ्याला भोक लागत नाही. बोटे आता पहिल्यासारखी चालत नाहीत. पहिल्या गाठी सुटल्या, त्या पुन्हा घातल्या. बुढी चहा घेऊन आली, समोर बसली, आणि मी न सांगता तिने दोऱ्याचे दुसरे टोक ताणून धरले.