परक्या हाताचा घास

आमच्या वरंधच्या वाडीत चंपाबाईंचं घर विहाराला लागून. बाळंतपणानंतर तापाने त्यांची लेक गेली आणि तान्ही संघमित्रा आजीकडेच राहिली. जावई बुद्धरत्न बिरवाडीला कंपनीत कामाला, खोली भाड्याची. यंदा त्याने दुसरं लग्न केलं. नवी बायको वाईट नाही. तिने एवढंच सांगितलं की पोरगी जेवायला लागली, रात्रभर झोपायला लागली की घेऊन या. एकच खोली, ह्यांना पहाटेची पाळी, रात्रभर पोर रडलं तर कसं व्हायचं?

म्हणजे मित्रा बाटलीवर आणि झोळीत होती तोवरच आजीची. वाडीत सगळ्यांना हे कळत होतं. शेजारच्या साळूबाईने तर विहाराच्या पायरीवरच सुनावलं, "येडी हायस काय गो चंपे? पोर जेवाय-निजाय शिकली की गेली. जरा लांबव की."

"माज्यासाठी तिला उपाशी ठेवू काय?" एवढं बोलून चंपाबाई वंदनेला आत गेल्या.

नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून दळायची, फडक्यातून गाळायची. सुरुवातीला मित्रा ते सगळं सत्त्व थुंकायची, आजीचं लुगडं भरायचं. मग चंपाबाई तिला मांडीवर घेऊन स्वतःच जेवायला बसू लागल्या. पोरीचा हात आपसूक ताटात आला. मऊ भात, वरणाचं पाणी, कुस्करलेलं केळं. दिवसा पोट भरू लागलं तशी रात्रीची बाटली सुटत गेली. झोळीचे झोके कमी केले, शेवटी गोधडीवर निजवायला लागल्या. रडली तर उचलायची नाही, नुसता पाठीवर हात. पुढे तो हातही काढला.

दुपारी त्या मला हाक मारायच्या, जरा भरव गो म्हणून. मला वाटायचं, काम पडलं असेल. पण त्या चुलीपाशी रिकाम्याच बसलेल्या असत. दुसऱ्या दिवशी साळूबाईला बोलवत, कधी तिच्या सुनेला. एकदा मी विचारलंच.

"परक्या हाताची सवय होऊ दे," त्या म्हणाल्या. "तिकडं मी कुठं असणार?"

त्यानंतर घास भरवताना मला त्यांच्याकडे बघवेना.

काल बुद्धरत्न बायकोला घेऊन आला. तिने भीतभीत घास पुढे केला आणि मित्राने लगेच तोंड उघडलं. बिचारीचा जीव भांड्यात पडला. सत्त्वाचा डबा, गोधडी, सगळं रिक्षात गेलं. जाताना पोर रडलीसुद्धा नाही.

चंपाबाईंकडे फोन नाही, म्हणून आज सकाळी बुद्धरत्नाने मला केला. मी जाऊन सांगितलं, पोटभर जेवली, रात्री गाढ झोपली. त्या आढ्याला बांधलेला झोळीचा दोर सोडत होत्या.

"एकदापन उठली नाय?"

"नाही."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं.

संध्याकाळी विहारात मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हटलं. चंपाबाई आल्या नाहीत. लेक गेली तेव्हासुद्धा त्यांची वंदना चुकली नव्हती.