मिठागराची एक ओळ

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या कामरगावाकडं विहिरींचे तळ दिसत होते, आणि मी सातवीत बसून कोकणचा भूगोल घोकत होते. पाऊस भरपूर, नद्या आखूड, भात, मासळी, मीठ, नारळ. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून तोराही तसाच होता. माय ओरडायची, "हंडा घे अन् रांगेत जाय! समुद्र काय चाटाचा हाय?"

माझा मोठा भाऊ, दादा, मात्र ऐकत बसायचा. तो दिवसभर दुष्काळी कामावर अनवाणी खडी फोडायचा. वाशीमला एक मुकादम कोकणातल्या मिठागरासाठी माणसं जमवतोय असं कळलं, तेव्हा त्यानं मला विचारलं, "मिठागरात काय करतेत वं?"

मी पुस्तक उघडलं. एकच ओळ होती आणि एक चित्र, घोटाभर पाण्यात उभ्या माणसांचं. "पाण्यात उभं राह्यतेत," मी ठसक्यात सांगितलं.

"दिसभर?"

"दिसभर."

दादा हसला. कित्येक महिन्यांनी हसला असेल. "अरे वा! इथं आंघोळीले तांब्याभर भेटत नाई, अन् तिकडं दिसभर पाण्यात, वरतून मजुरी!" मलाही हेवाच वाटला त्याचा. आम्ही काळ्या मातीची माणसं. पाणी माणसाला खातं, हे आम्हाला कोण सांगणार?

निघायच्या दिवशी मायनं नेहमीसारखं त्याच्या टाचांच्या भेगांत मेण भरून दिलं. बोटाचं टोक जाईल अशा भेगा. त्या वर्षी घरोघरी पाय तसेच होते, त्यामुळं कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

चार महिन्यांनी तो परत आला. दोघांनी धरून त्याला एस.टी.तून उतरवलं. मेण पहिल्याच दिवशी निघून गेलं होतं, आणि खारं पाणी भेगांत शिरलं ते शिरलंच. मुकादम म्हणायचा, सवय होईल. उजवं पाऊल सडलं, ते तिकडच्याच दवाखान्यात घोट्यापासून कापलं. मायनं मुकादमाच्या सात पिढ्या काढल्या. मला मात्र कोणी चकार शब्द बोललं नाही, आणि मला तेच सहन होईना. एखादी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. काय गरज होती मला एवढी अक्कल पाजळायची?

भूगोल मोठ्यानं वाचणं मी सोडून दिलं. एक दिवस दादानंच पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "मिठागराचं वाच."

"राहू दे ना, दादा."

"वाच म्हन्तो ना."

मी वाचलं, "किनाऱ्यावर ठिकठिकाणी मिठागरे आहेत."

तो कान देऊन बसला होता. "पुढं?"

"पुढं नारळाचं हाय, दादा."