रडारला न दिसलेला बांध

माझ्या दिरांनी माझ्या खाचराचं पाणी अडवलं आणि आकाशातून भात बघणारी माणसं आमच्या गावात आली, या दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात झाल्या. मी तेव्हा पन्नाशीला टेकलेली, दोन लेकी उजवलेली बाई. एवढ्या वयात माणसाला अक्कल येते असा लोकांचा समज आहे. मी त्याला अपवाद होते.

आमचं गाव अंबाडीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. जमीन सासूबाईंच्या नावावर. वरचं खाचर दीर कसायचे, खालचं आम्ही. आम्ही म्हणजे मी. नवरा धामणकर नाक्याला कापडाच्या लूमवर कामाला. शुक्रवारी लूम बंद असले की घरी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. आदल्या साली मी लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि खालचं खाचर पड राहिलं. दिरांना तेवढं निमित्त पुरलं. दापोड्याची गोदामं बघून बघून त्यांना भाताच्या जागी पत्र्याच्या शेडी दिसायला लागल्या होत्या, आणि दोन्ही खाचरं मिळून असली तरच गिऱ्हाईक येणार होतं. वैनीला शेती झेपत न्हाय, असं त्यांनी सासूबाईंच्या कानाशी लावून धरलं. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. यंदा लावणी झाली तर खाचर माझं, पड राहिलं तर दिरांचं.

पाणी वरच्या खाचरातून खालच्यात उतरतं. मधल्या बांधाला त्यासाठी मोरी ठेवलेली असते. दिरांनी आपली लावणी उरकली आणि त्या मोरीत दगडमाती ठासली. नेमकी पावसाने ओढ दिली. ढग भरून यायचे आणि तसेच निघून जायचे. वर घोटाभर पाणी, खाली माझ्या चिखलाला भेगा, आणि माझी रोपं जागच्या जागी पिवळी पडायला लागलेली. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, भाऊ आहे, सोडून दे. मी आजवर काहीही सोडून दिलेलं नाही. लग्नात मला पापड कमी वाढला गेला होता, तो वाढणाऱ्याचं नाव मला अजून पाठ आहे.

अशात जीप आली. सरकारी ऑफिसातली एक तरुण बाई आणि टेप धरायला एक माणूस. तिने आम्हाला समजावून सांगितलं. उपग्रहावरून रडारची लाट खाली येते, ढगांतून पार होते, शेतावर आपटते आणि परत वर जाते. साचलेल्या पाण्यावरून मात्र ती भलतीकडे निसटते, म्हणून लावणीचं शेत चित्रात काळं दिसतं. पुढे रोपं वाढली की तेच शेत उजळत जातं. त्यावरून कुठे किती भात लागलं ते कळतं. चित्र खरं सांगतंय का, हे ताडायला जमिनीवर एखादं खाचर मोजावं लागतं. त्यासाठी तिने दिरांचं निवडलं. खुंट्या ठोकल्या, पाण्याची खोली घेतली, वहीत लिहिलं. उपग्रहाचा पुढचा फेरा येत्या मंगळवारी सकाळी सहाला, म्हणाली.

दीर त्या खुंट्यांभोवती असे फिरायचे, जणू उपग्रह त्यांनीच वर सोडलाय.

आता माझी हुशारी ऐका. ढगांतून दिसतं म्हणजे कौलांतून दिसणारच, असा हिशेब करून मी आठ दिवस न्हाणीत छत्री उघडून आंघोळ केली. जी नजर ढगाला जुमानत नाही ती छत्रीला बिचकेल, हा माझा भरवसा. दुसरा शोध याहून मोठा होता. मंगळवारी दिरांचं खाचर कोरडं आणि माझं भरलेलं दिसलं, तर सरकार त्यांचं खाचर पड ठरवणार आणि माझी लावणी वरून पक्की होणार. एका कुदळीत दोन कामं.

रविवारी दीर जाऊबाईंना घेऊन दोन दिवसांसाठी त्यांच्या माहेरी गेले. मी भर दुपारी कुदळ घेऊन बांधावर उभी राहिले. मोरी उघडली असती तरी पाणी आलं असतं, पण मोरीने माझा राग भागला नसता. मी हातभर बांधच फोडला. पाणी धावत माझ्याकडे आलं. शेजाऱ्याचा पॉवर टिलर आणून चिखल केला, दोन बायका मदतीला घेतल्या, आणि सोमवारी दिवस मावळायच्या आत लावणी पुरी झाली.

मंगळवारी सहाला मी ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून माझ्या खाचरात उभी होते, तोंड वर करून. वर नुसते ढग. तरी मी जरा हसले, फोटो बरा यावा म्हणून.

थोड्या वेळाने जीप आली आणि तिच्यामागोमाग दीरही परतले. त्यांच्या खाचरात खुंट्या होत्या, पाणी नव्हतं. ते बांधाच्या भगदाडाकडे बघत राहिले.

"वैनी, ह्यो काय परकार?"

"खेकडे, भावजी. यंदा लय माजलेत."

"खेकडा कुदल घिऊन येतो काय गो?"

टेपवाला माणूस खाली बघून हसला. बाईने दोन्ही खाचरांत पट्टी बुडवून बघितली आणि वहीत लिहिलं.

दिरांनी बांध बुजवला आणि सासूबाईंकडे धाव घेतली. मी चोर आहे हे शाटेलाईटच्या फोटोत दिसेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी माझं रान सुकवलं हेही त्यातच दिसेल, असं माझं. सासूबाई म्हणाल्या, फोटू येऊ दे. मग पुढचे चार महिने आम्ही दोघं त्या फोटोची वाट बघत होतो. मधल्या काळात पाऊस झाला, दोघांचंही भात पसवलं, लोंब्या आल्या, पण दिरांच्या खाचराचा मोरीकडचा तुकडा जळाला तो जळालाच.

कापणीनंतर बाई चित्र घेऊन आली. अंगणात सगळे जमलो. काळ्या-करड्या ठिपक्यांचा मोठा कागद. मी विचारलं, माझं खाचर कुठलं? तिने पेन्सिलीचं टोक एका ठिपक्यावर ठेवलं. दिरांनी विचारलं, माझं? पेन्सिल तिथेच राहिली.

"दोन्ही ह्यातच आली, काकू. वरून एवढं बारीक दिसत नाही."

चार महिन्यांचं वैर एका ठिपक्यात मावलं. लुगडं, तेल, हसणं, सगळं फुकट. दीर माझ्याहून जास्त पडेल दिसत होते, तेवढंच मला बरं वाटलं.

सासूबाईंनी चित्र बाजूला सारलं आणि वहीत काय लिवलंय ते वाच म्हणाल्या. बाईने वाचलं. पहिल्या भेटीत, खालचं खाचर कोरडं, वरून येणारी मोरी मुद्दाम बंद केलेली. दुसऱ्या भेटीत, मधला बांध कुदळीने फोडलेला, माती ताजी, खालच्या खाचरात नवी लावणी.

सासूबाईंनी आम्हाला दोघांना आळीपाळीने न्याहाळलं.

"लावनी झाली, खाचर हिचं. आता मोरी दर साली तू तुज्या हातानी उघडायची." मग माझ्याकडे वळून, "आनि तू फोडलास, तं फुडल्या साली ह्याची लावनी तू करायची. समदी."

त्यांनी ते खाचर खरंच माझ्या नावावर केलं. नवऱ्याच्या नव्हे, माझ्या. गोदामवाला अर्ध्या जमिनीसाठी काही फिरकला नाही.

दुसऱ्या साली दीर मोरी उघडायला आले. मी बांधावर बसून भाकरी खात होते. भावजी, अजून थोडी माती काढा, म्हटलं. त्यांनी काढली. नंतर मी त्यांच्या खाचरात उतरले, शिक्षा भोगायला. सगळ्यांना वाटलं मी उरकून टाकणार. मी ओळीला ओळ जुळवून, मुठीत मोजकी रोपं धरून अशी लावणी केली, की त्या खाचरात तसं भात कधी आलं नव्हतं. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, यंदा लावणी कुणी केली? आणि उत्तर जाऊबाईंना द्यावं लागायचं.

दोन वर्षं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या साली मात्र स्वतः दारात आल्या. वैनी, हात तुमचाच लागावा, म्हणाल्या. मी त्यांना चहा दिला, वर खारी दिली.

लावणीला गेले नाही.