करंगळीवरची शाई

पोलिओच्या डोसाला आमच्याकडचे लोक घाबरायला लागले ते एका बातमीमुळे. ती बातमी खोटी होती आणि ती खोटी आहे हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. राग कुणाकुणावर, ते सांगते.

मी तेव्हा कामणच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. राहायला वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत. छोट्याशा फ्लॅटमध्ये आम्ही नवराबायको, दीर, जाऊ आणि जावेचा तीन महिन्यांचा मुलगा. पल्स पोलिओचा रविवार आला की सरकारला आधी आम्ही आठवायचो. जनगणनेला शिक्षक, निवडणुकीला शिक्षक, डोस पाजायलाही शिक्षक. मग शाळेत शिकवायचं कधी, असं विचारलं की साहेब हसायचे.

काम तसं सोपं होतं. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडायचं, थंड डब्यातली बाटली काढायची, बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकायचे आणि डाव्या करंगळीला मार्करने काळी खूण करायची. बूथवर नावं लिहीत नसत, नुसत्या रेघा मारायच्या. रविवारी न आलेल्या पोरांसाठी पुढचे तीन दिवस घरोघर फिरायचं. करंगळीवर खूण दिसली की पुढच्या दारी. उन्हात चपला झिजत आणि दीडशे दारं उरकायची असत. खूण दिसली की आम्हाला हायसं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अशीच एक फेरी बुधवारी संपली. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता गावच्या केबलवर बातमी लागली. ती वर्षंच केबलची होती. साड्यांचा सेल, क्लासची जाहिरात आणि मधे जागा उरली की वसई-विरारच्या बातम्या. माझ्या वाडीतलं, मी फिरले त्या वाडीतलं, सहा महिन्यांचं बाळ गेलं होतं. कॅमेरा त्याच्या एवढ्याशा हातावर नेला होता, करंगळीवर थांबवला होता आणि ती काळी खूण पडदाभर करून दाखवली होती. मागे सनई. बाळाची आई ऊर बडवून रडत होती, आणि खाली पट्टी सरकत होती की डोस घेतल्यावर बाळ दगावलं, जबाबदार कोण?

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. जाऊ सोफ्यावर मुलाला पाजत बसली होती. बाळंतपण माहेरी करून ती नुकतीच परतली होती, त्यामुळे त्याचा पहिलाच डोस राहिला होता. पुढची फेरी महिन्याने होती. तिने मुलाला छातीशी घट्ट धरलं आणि म्हणाली, "ताई, माझ्या बाळाला नाही द्यायचा. तुम्ही काहीही म्हणा."

दुसऱ्या दिवशी एका पेपरात आतल्या पानावर तेच आलं, मथळ्याला प्रश्नचिन्ह लावून. प्रश्नचिन्ह लावलं की काहीही छापता येतं, एवढं मी त्या दिवशी शिकले. आमच्या वरिष्ठांचं फर्मान आलं की चौकशी चालू आहे, कोणीही पत्रकारांशी बोलू नये. अरे, पण लोकांशी तरी बोला! मला भाजीवाली विचारत होती, शाळेत पालक विचारत होते, लिफ्टमध्ये शेजारीण विचारत होती. चौकशी म्हणे. तोपर्यंत लोकांनी काय केबलसमोर झोपून राहायचं होतं?

रविवारी मी त्या बाईच्या घरी गेले. सांत्वनाला म्हणून गेले, पण खरं सांगायचं तर आपल्याच हातून काही झालं का, ते बघायला गेले. कोवळी पोर होती ती, तेवीस-चोवीसची. घरधनी गोदामात माल चढवायला. सासू ओटीवर बसलेली. पाणी देते म्हणून सून मला मागच्या दारी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "बाई, पोरानं डोस घेतलाच नव्हता."

मला आधी कळेचना. "अगं, मग करंगळीवर खूण?"

"ती मीच केलेली. चार दिस हगवन लागलेली पोराला. सासू बोलली, आता डोस नको. तुमी लोक येनार, भांडनार. घरधन्याचा गोदामातला मार्कर होता, खोक्यांवर लिवायचा. त्या मार्करनंच केली."

"मग हे त्या केबलवाल्याला का नाही सांगितलंस?"

"सांगत होती ना. तो बोलला, तुमी फकस्त रडा, बोलू नका."

ऐकलंत? तुम्ही फक्त रडा. मेल्याला त्या बाईचे डोळे हवे होते, तोंड नको होतं.

तिने माझे हात धरले. "पन कोनाला सांगू नका, बाई. लोक बोलतील, खोटी खूण केली नि पोर घालवलं." मी शब्द दिला. काय करणार होते?

आणि घरी येताना रिक्षात मला बुधवार आठवला. त्या दारात मी उभी होते की! बाळ गोधडीवर निपचित पडलं होतं. मी विचारलं, डोस झाला? ती हो म्हणाली, हात उचलून खूण दाखवली आणि मी पुढच्या दारी गेले. ओठ सुकलेत, डोळे खोल गेलेत, हे मी पाहिलं नाही. मीठ-साखरेचं पाणी पाज, दवाखान्यात ने, एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी करंगळी पाहिली, बाळ पाहिलं नाही. इतरांवरचा राग मी तोंडाने बोलून टाकते, स्वतःवरचा हा बोलता येत नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी स्टेशनजवळ त्या केबलच्या ऑफिसात गेले. फर्मान गेलं उडत. तो बातमीवाला चहा पीत बसला होता. म्हटलं, तुमची बातमी चुकीची आहे, त्या बाळाने डोस घेतलेलाच नाही.

"कशावरून, मॅडम?"

"मला माहीत आहे."

"मग बाळाच्या आईला कॅमेऱ्यासमोर आणा. आजच्या आज दाखवतो."

"ती बोलत होती तेव्हा तुम्ही तिला गप्प केलंत!"

तो हसला. म्हणाला, आम्हाला रोज अर्धा तास भरायचा असतो, मॅडम. म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि निस्तरायचं कुणी? तर ज्यांची पोरं आहेत त्यांनी. मी चहासुद्धा न घेता उठले.

घरी जावेला म्हटलं, ती बातमी खोटी आहे. ती म्हणाली, कोण म्हणतं? त्या आईला दिलेला शब्द आडवा आला. "तुम्ही सरकारी, ताई, तुम्ही असंच म्हणणार," असं म्हणून ती आत गेली. महिनाभर मी रोज त्या तान्ह्याला मांडीवर घ्यायचे, त्याचे पाय चोळून आंघोळ घालायचे आणि प्रत्येक वेळी मला आमच्याच शाळेतला, पोलिओने पाय गेलेला, भिंतीला धरून चालणारा मुलगा डोळ्यांसमोर यायचा. एकाच घरात राहून मी दुनियेच्या पोरांना डोस पाजणार आणि आमचंच पोर तसंच राहणार. संताप संताप व्हायचा.

पुढच्या फेरीचा रविवार आला. सकाळचे अकरा वाजले तरी आमच्या टेबलासमोर कुत्रं फिरकलं नाही. बाया फाटकापाशी पोरं कडेवर घेऊन उभ्या, पण आत कोणी येईना. कोणाची हिंमत होते ते बघायला जमल्या होत्या. डब्यातला बर्फ वितळत होता. आणि तेवढ्यात ती आली. मी बोलावलं नव्हतं, देवाशपथ. तीन वर्षांच्या थोरल्या मुलीला हाताला धरून ती बायांच्या मधून सरळ टेबलाशी आली, वळली आणि मोठ्याने म्हणाली, "माझ्या पोरानं डोस घेतला नव्हता. बोटाला शाई मी लावलेली. हगवनीनं गेला तो. डोसानं नाय."

मग मुलीला उचलून तिने माझ्यापुढे धरली. माझा पहिला थेंब मुलीच्या गालावर पडला.

फाटकापाशी एक म्हातारी म्हणाली, "सोताचं पोर घालवलंस नि आमाला भ्या घातलंस होय गं?" दुसरी थुंकली. ज्या बाया महिनाभर तिच्या नावाने हळहळत होत्या, त्याच! केबलवाला नामानिराळा, साहेब नामानिराळे, आणि सगळं खापर फुटलं ते तिच्या डोक्यावर. ती ऐकून घेत उभी राहिली. मग मुलीला घेऊन निघून गेली. तिच्याबरोबर कोणी गेलं नाही. मीही टेबल सोडलं नाही, कारण आता रांग लागली होती.

संध्याकाळी जावेला सगळं सांगितलं. ती बराच वेळ रडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः मुलाला घेऊन दवाखान्यात गेली. आमचं पोर वाचलं, असंच मी म्हणेन.

दोन महिन्यांनी आमच्या कार्यालयात माझा सत्कार झाला. बंद पडलेली वाडी मी पुन्हा सुरू केली म्हणून शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मी त्या खुर्चीत बसून शिकले. आणि कॅमेरा घेऊन कोण आलं असेल? तोच. महिन्यापूर्वी मी त्याला फोन करून सांगितलं होतं, की त्या आईने सगळ्यांदेखत खरं सांगितलंय, या आणि दाखवा. तेव्हा म्हणाला होता, आता ती जुनी बातमी झाली. सत्काराला मात्र वेळेआधी हजर.

त्याने माझ्या तोंडाशी माइक धरला. "मॅडम, लोकांची भीती तुम्ही कशी घालवलीत?"

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिने सगळ्या वाडीसमोर बोलून टाकलं होतं, माझ्या शब्दातून मी मोकळी होते. बाजूला साहेब उभे होते, खांद्यावर शाल होती. मी म्हणाले, "सगळ्यांच्या सहकार्याने झालं."

सात वाजता घरी सगळे टीव्हीसमोर बसले. जाऊ म्हणाली, ताई, किती छान दिसताय. त्या वाडीतही सात वाजता तीच केबल लागायची.