न खुपणारा धागा

सुई मामा शर्टाच्या डाव्या खिशाला टोचून ठेवी. चहा बिनसाखरेचा घेई आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडं करी. मधुमेहाला वीस वर्षं झाली तरी. कुणी काही विचारलं तर उत्तर देई, पण मान वर करत नसे. रफूचा धागा तो विकत आणत नसे, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून उसवून काढी. कपडा परत देताना एकच शब्द म्हणे, "शोधा." भोक कुठं होतं, ते गिऱ्हाइकाला सापडत नसे.

आणखी एक सवय भाचीच्या फार उशिरा लक्षात आली. काम करताना तो पापण्या मिटतच नसे.

ती त्याच दुकानात पुढच्या टेबलावर बटणं आणि चेन बसवी. रफू तिला येत नव्हतं. "नजर आहे तुला," मामा म्हणे, "पण बूड एका जागी टिकत नाही."

गेल्या वर्षी त्याचे डोळे सारखे चुरचुरत. वाळू गेल्यासारखे. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, साखर असली की डोळे असे कोरडे पडतात. थेंब घालत राहा, अधूनमधून दाखवत जा. त्यानं थेंब घातले. मग चुरचुर थांबली. पुढं एकदा मामीला कपाटावर थेंबांची बाटली दिसली, धूळ बसलेली.

"बंद केलेत?"

"खुपतच नाही तर कशाला घालू? डोळे तुझ्यासारखेच. कुरकुर थांबली म्हणजे सगळं ठीक."

"मी कुरकुर थांबवीन ना, तेव्हा घाबरा," मामी म्हणाली.

तिघंही हसले. ते हसणं पुढं भाचीचा पिच्छा सोडीना.

सोमवारी एक तरुण वकीलबाई वडिलांचा काळा कोट घेऊन आली. खांद्याशी नखाएवढं भोक होतं. शुक्रवारी तो घालून तिला पहिल्यांदा कोर्टात उभं राहायचं होतं. काळ्यावर काळं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. मामा खुशीत होता.

मंगळवारी दुपारी तो म्हणाला, "दिवा लाव गं. धुरकट दिसतंय."

दिवा लावलेलाच होता. भाची उठून त्याच्याजवळ गेली. त्याच्या उजव्या बुबुळावर काळ्या लोकरीचा एक तंतू पडला होता, किंचित वाकलेला. मामा सुई ओढत होता. डोळा उघडाच होता.



"मामा, डोळ्यात काहीतरी गेलंय."

"कुठल्या?"

तिनं सुई त्याच्या हातातून काढून कोटालाच टोचली आणि रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी तंतू काढला. मग कापसाची एक बारीक वात वळली. "बुबुळाला लागली की बोट वर करा," त्या म्हणाल्या. भाची समोरच उभी होती. तिनं वात टेकताना पाहिली. एकदा, मग पुन्हा. तिच्याच पापण्या गच्च मिटल्या. मामाचं बोट गुडघ्यावर तसंच राहिलं.

"करा की सुरू," तो म्हणाला.

"झालं, काका."

मग डॉक्टरबाई सावकाश सांगू लागल्या. कोरडेपणा गेलेला नव्हता, वाढला होता. साखरेनं बुबुळाच्या नसा बधिर केल्या होत्या. खुपलेलं कळत नाही म्हणून पापणी मिटत नाही, पाणी येत नाही, जखम होते, तीही कळत नाही. उजव्या डोळ्यात तशी जखम होती. डाव्यात बधिरपणाची नुसती सुरुवात होती.

"डावा सांभाळू आपण," त्या म्हणाल्या. "उजव्याचं आज सांगता येणार नाही. आजच ॲडमिट व्हा."

"शुक्रवारचा कोट आहे," मामा म्हणाला. त्यानं भाचीचं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट त्यानं ते कधी धरलं नव्हतं, तिला रस्ता ओलांडून शाळेत नेतानासुद्धा. "दुखत नव्हतं गं," तो तिला म्हणाला. "खरंच दुखत नव्हतं."

संध्याकाळी ती दुकान बंद करायला आली. दिवा जळतच होता. कोट टेबलावर पसरलेला होता. भोकावर उभे धागे सगळे ताणून झाले होते. आडव्यांपैकी सात विणले होते, तेही शेवटी शेवटी तिरके गेले होते. आठव्या धाग्याची सुई तिनं टोचली होती तिथंच होती.