हाताची हाक

आमच्या नाटक मंडळीत सुकदेव प्रॉम्प्टर होता. विंगेत स्टुलावर बसून तो आम्हा विसराळू नटांना वाक्यं पुरवायचा. पिंपळनेरच्या जत्रेत मी राजा होऊन गरजायचो खरा, पण पुढे काय गरजायचं ते तोच सांगायचा. टाळ्या मात्र आम्हीच घेतल्या.

मंडळी बंद पडल्यावर तो धुळ्याला देवपुरात दोन खोल्यांत राहू लागला. मूलबाळ नव्हतं. घरात बायको कमलबाई आणि कापश्या. कापश्या म्हणजे भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून भाची चारुलताने आणून दिलेलं पांढरंफेक कुत्रं. गल्लीत सगळे त्याला पामेरियन म्हणत. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा इंडियन स्पिट्झ. टोकदार तोंड, ताठ कान, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी. रिक्षा वाजली की भुंकणार, शेजारचा कुकर वाजला तरी भुंकणार. जात हुशार, तेवढीच हट्टी, आणि जीव लावायचा तर एकालाच. तो एक म्हणजे सुकदेव. त्याने "कापश्या, आठे ये" म्हटलं, की भुंकणं अर्धवट टाकून पोरगं पायाशी हजर.

मग सुकदेवच्या घशात गाठ निघाली. तंबाखूने आपलं काम केलं होतं. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेलो तेव्हा त्याचा आवाज चिरका झाला होता.

"नाना, मी मराले भीत नही," पायाशी बसलेल्या कापश्याकडे बघत तो म्हणाला. "पन हाऊ मना आवाजवरच येस. आवाज गया म्हंजे मी त्याना कोन?"

"बायकोनं काही नही, कुत्रानंच पडेल शे यास्ले!" कमलबाई आतून कडाडली.

"तुले हाक कसाले? तू तं न बलावताच येस, भांडाले!"

दोघं हसली. मीही हसलो. त्या घरातलं ते शेवटचं मोठ्याने हसणं.

ऑपरेशनआधी त्याने कापश्याला हाताच्या खुणा शिकवायला घेतल्या. उघडा तळवा छातीकडे ओढला की ये. तळवा खाली दाबला की बस. सुरुवातीला तो हात आणि शब्द एकदमच द्यायचा. कापश्या शब्द ऐकायचा, हाताकडे बघायचासुद्धा नाही. मग सुकदेवने पद्धत बदलली. आधी हात, क्षणभर थांबून शब्द, लगेच बक्षीस म्हणून भाजलेला शेंगदाणा. कंटाळा आला की कापश्या पाठ फिरवून दाराशी जाऊन बसायचा, म्हणून धडे छोटे. हळूहळू हात हलताच कापश्या उठू लागला. पण अर्ध्यात थांबून कान टवकारायचा. शब्दाची वाट बघायचा. तेवढं राहिलं, आणि ऑपरेशनची तारीख आली.

जायच्या आदल्या दिवशी चारुलताने कमलबाईच्या मोबाइलवर त्याचा आवाज भरून घेतला. "कमल, चहा ठेव." "कापश्या, आठे ये." एवढंच.

तो परत आला तो गळ्याला भोक घेऊन. श्वास तिथूनच. कापश्याने त्याला हुंगलं, पट्टीचा वास घेऊन मागे सरला. सुकदेवने तळवा छातीकडे ओढला. कापश्या दोन पावलं आला, थांबला, शब्दाची वाट बघत राहिला. शब्द आला नाही. तो परत दाराशी गेला.

दुपारी कमलबाईने न राहवून फळीवरच्या मोबाइलवर तो भरलेला आवाज लावला. आवाज ऐकताच कापश्या झेपावला. मोबाइलकडे बघून भुंकला, फळीमागे शोधू लागला. कमलबाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. मधे खाटेवर सुकदेव बसलेला, आणि दोघांचीही त्याच्याकडे पाठ.

असं रोज होऊ लागलं. एकदा मी तिथेच होतो. सुकदेव उठला, मोबाइल तिच्या हातात दिला आणि पुसून टाक अशी खूण केली.

"नही," ती म्हणाली. "मी बाहेर जाईसन ऐकसू. कापश्याले ऐकू नही येवाव."

त्याने मान हलवली. कुत्र्याकडे बोट केलं, तिच्याकडे केलं, मग स्वतःच्या छातीवर थापट्या मारल्या. पुन्हा मारल्या. मी आठे शे, मी आठे शे. खोकल्याची उबळ येईपर्यंत मारत राहिला.

तिने आवाज पुसला. त्या माउलीचा चेहरा मला बघवला नाही.

कापश्या बरेच दिवस फळीखाली झोपला. जेवण टाकलं, केस निस्तेज झाले. सुकदेव शेंगदाणे घेऊन समोर बसून तळवा छातीकडे ओढत राहायचा.

परवा गेलो होतो. कमलबाई ओट्याशी पाठमोरी उभी होती. सुकदेवला पाणी हवं होतं. तिला बोलवायला त्याने तळवा छातीकडे ओढला. ती वळली नाही. तिला कळणार कसं? कापश्या मात्र उठला, न थांबता सरळ आला आणि त्याच्या गुडघ्याला टेकून बसला.

सुकदेवने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरा हात उचललेलाच होता, तिच्या पाठीकडे.