माझा मुराळी आणि खोऱ्यातली पहिली गाडी

आधीच सांगून ठेवते — भूत, हडळ, चकवा असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. माझं माहेर शिवथरच्या खोऱ्यातलं. तिथं दिवस मावळला की कुणाला ना कुणाला काहीतरी दिसायचंच, आणि बहुतेक वेळा ते शेजारच्याचं चुकलेलं वासरू निघायचं. या ग्रुपवरचे अनुभव सून मला रोज वाचून दाखवते. मी ऐकते आणि म्हणते, "ह्याला अपचन झालं असेल." परवा ती वैतागून म्हणाली, "मग तुमच्या आबांचं काय झालं होतं, ते सांगा की सगळ्यांना!" तेव्हा सांगते. टाइप ती करतेय, भाषाही तीच नीट करतेय. घोळ मात्र सगळा माझा.

महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी सवला आले होते — महाडजवळचं सव, गरम पाण्याच्या कुंडांचं. नवरा मुंबईला गोदीत. घरात मी, सासूबाई आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे.

तेव्हा आमच्यात सासुरवाशीण माहेरी एकटी जात नसे. तिला न्यायला माहेरचा माणूस यायचा, त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक भाऊच येतो. मला भाऊ नाही, म्हणून माझा मुराळी म्हणजे माझे वडील, आबा. पहाटे खोऱ्यातून चालत निघायचे ते दिवेलागणीला सवला पोचायचे. पण थेट घरी येतील तर शपथ! आधी कुंडावर जाऊन गरम पाण्यात पाय सोडून बसायचे आणि मग ओल्या पायांनी आमच्या दारात उभे राहायचे. सासूबाई टोमणा मारायच्या, "व्याही लेकीसाठी येतात का कुंडासाठी, तेच कळत नाय."

"दोघांसाठी," आबा म्हणायचे. "पन कुंड बरं. निघताना रडत नाय."

दुसऱ्या दिवशी ते पुढं आणि मी मागं, अशी आमची वरात निघायची. घरात आबा फार बोलत नसत. आईशी तर मोजकंच. पण त्या वाटेवर त्यांचं तोंड सुटायचं. कुठल्या बांधावरून कुणाची डोकी फुटली, कुठल्या ओढ्यात त्यांच्या लहानपणी वाघ पाणी प्यायला यायचा... सगळं सांगत चालायचे. खरं सांगू? मला माहेरापेक्षा ती वाटच जास्त आवडायची.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी खोऱ्यातल्या एका माणसाकडून आईचा निरोप आला. खोऱ्यात एसटी सुरू होतेय, पोरीला पहिल्या गाडीत बसवून द्या, न्यायला कुणी येणार नाही. का येणार नाही, ते त्यानं सांगितलं नाही. विचारलं तर "मला काय ठाव?" म्हणून निघूनच गेला.

माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. मागच्या खेपेला सासूबाई कुंडावरून जरा जास्तच बोलल्या होत्या. आबा हसले होते खरे, पण मनाला लागलं असेल का? का आता गाडी आली म्हणून लेकीसाठी पायपीट नकोशी झाली? आबा आता मला न्यायला कधीच येणार नाहीत, या विचारानं मला भाकरी गोड लागेना.

सासूबाईंना वेगळीच काळजी. "मुराळ्याबिगर सून धाडली म्हंजे गाव काय म्हनंल?" मग स्वतःच म्हणाल्या, "पन गाडी हाय तर हाय. जा गो बाय. खिडकीतनं हात काढू नको म्हंजे झालं."

मामंजींनी मला महाडला आणून गाडीत बसवलं. गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली नारळ फोडलेला, बोनेटला हळदकुंकू. ड्रायव्हर घाटावरचा, तो हे सगळं बघून लाजला होता. आत चढले तर आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसं बसलेली, आणि सगळी अशी गप्प, जशी देवळात कौल लावायला आलीत.

गाडी सुटली आणि मी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली ती सोडलीच नाही. झाडं अंगावर येतात असं वाटायचं, तेवढ्यात मागं पडायची. माझ्याच बाजूला पलीकडच्या वाडीतली भागामावशी बसली होती. आमच्या घरच्यांना ओळखणारी. ती डोळे मिटून सारखी पुटपुटत होती, "हळू रे, हळू रे बाबा," जणू गाडीच तिचा नातू होती. पुढं चढ लागला, गाडी घरघरायला लागली, तसे चार-पाच बाप्ये उठून दाराकडं निघाले. बैलगाडीला चढ लागला की खाली उतरायचं, बैलांवर भार टाकायचा नाही, ही आमची रीत. कंडक्टर ओरडतोय, "अहो बसा, बसा!" आणि ते त्यालाच समजावतायत, "तिला दम लागलाय रे, उतरू दे!"

एका दादांची तर फार पंचाईत झाली. महाडहून चालत येताना ठरलेल्या आंब्याखाली बसून भाकरी खायची, अशी आमची पद्धत. आंबा दिसला तसं त्यांनी फडकं सोडायला घेतलं. गाठ सुटेपर्यंत आंबा गेला! ते एकदा भाकरीकडं बघतायत, एकदा मागं. "आता खाऊ कुठं?" म्हणाले. सगळी गाडी हसली. मीही हसले, आणि लगेच वाटलं, आबा बाजूला असते तर केवढे हसले असते.

बिरवाडी मागं टाकून आम्ही पुढं आलो होतो. लख्ख ऊन होतं. दोन्हीकडं कापणी झालेली मोकळी शेतं, आडोसा म्हणून नाही. आणि समोरून, महाडच्या दिशेनं, एक माणूस रस्त्याच्या कडेनं चालत येताना दिसला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घडी घातलेली घोंगडी, काठी टेकलेली नाही, बगलेत धरलेली. ती बगलेतली काठी बघितली आणि मी ओळखलं. तशी काठी धरून आख्ख्या खोऱ्यात एकच माणूस चालतो.

"आबा!"

केवढ्यानं ओरडले मी! सासूबाईंचं सांगणं विसरून हातही बाहेर काढला. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडंच बघितलं, मला काही भास झाला नाही. मग मुंडाश्याचं टोक तोंडावर धरलं आणि ते कडेला झाले. गाडी पुढं गेली. मी कंडक्टरच्या मागं लागले, "थांबवा, माझे वडील मला न्यायला चाललेत! मी घरी नाही, ते उगाच सवपर्यंत जातील!" बिचाऱ्यानं दोरी ओढली. गाडी थांबली, मागं धुरळाच धुरळा. धुरळा खाली बसला तर... रस्ता मोकळा. शेतं मोकळी. लपायला झाड नाही, ओढा नाही.

"माणूस गेला कुठं?" कंडक्टर म्हणाला. म्हणजे त्यानंही बघितला होता.

मी उतरायला निघाले. भागामावशीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"मावशी, तुम्ही बघितलंत ना? आबाच होते ना?"

"व्हता तर तोच गो," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पन तो... तू आदी घरी चल. मग काय ते बघू."

बाकीचा प्रवास कसा झाला ते मला आठवत नाही. ओढ्यापाशी गाडी थांबली, पिपाणी वाजली, लोकांनी गुलाल उधळला. मी त्यातून वाट काढत घरी पळाले.

आबा घरातच होते. पडवीत अंथरुणावर पडलेले. उजव्या मांडीला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. महिन्याभरापूर्वी भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडताना झाडावरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. मला काळजी नको म्हणून आईनं कळवलं नव्हतं. भागामावशीला ते माहीत होतं, म्हणून तिचा चेहरा तसा झाला होता. कूस बदलायलाही आबांना आई लागत होती.

मला आधी रडू फुटलं. आबा रागावले नव्हते, त्यांना पायपीट टाळायची नव्हती... काय काय मनात आणलं होतं मी! मग मी म्हटलं, "पण आबा, मी तुम्हाला आत्ता रस्त्यात बघितलं. बिरवाडीच्या पुढं."

ते माझ्याकडं बघत राहिले. "मला?" एवढंच म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं.

आईला विचारलं, आबा झोपले होते का? नाही म्हणाली. सकाळपासून टक्क जागे होते, शेजारचा म्हादू सुपारी कातरत बाजूला बसला होता, दोघांच्या गाडीवरच गप्पा चालल्या होत्या. आईशी नेहमीसारखं भांडणही झालं, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. आता सांगा! झोपेत आत्मा फिरतो वगैरे जे इथले लोक कमेंटमध्ये लिहितात, तेही बसत नाही. आत्मा फिरायला गेला आणि मिठावरून भांडायला कोण राहिलं?

दिवेलागणीला मी त्यांच्याजवळ बसले होते. आबा एकदम म्हणाले, "पाय पूस गो जरा माजे." मी पदरानं पुसले. पाय कोरडे ठणठणीत होते. तरी पुसले.

शिमगा झाला, मी परत सवला आले. दारातच सासूबाईंनी गाठलं. "तुमचं घरात एकमेकांशी बोलनं असतं का नाय? आयस सांगते गाडीनं धाडा, नि बापूस येतो न्यायला!"

माझ्या हातातलं गाठोडं पडलं. "कधी आले होते?"

"तू गेलीस त्याच दिवशी. दिवेलागणीला. पाय वलेच, कुंडावरनंच आलेला. पायरीवर बसला. मी म्हटलं, पोरगी गाडीनं गेली की. तर म्हनतो, 'ठाव हाय. नीट बसलीय.' पानी प्यायला, तांब्या ठेवला नि चालू पडला. माझी थट्टा करायला आला होता काय?"

मी मोडलेल्या मांडीचं सांगितलं तर त्या माझ्यावरच उखडल्या. "म्हंजे मी आंधळी? मामंजींना विचार!" मामंजींनी नुसती मान हलवली. तेही पायरीपाशीच होते, आबांशी दोन शब्द बोलले होते. त्यांना राहवलं नाही, पुढच्याच आठवड्यात ते गाडीनं आमच्या वाडीला जाऊन आबांना बघून आले. सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "कामट्या मी हातानं चाचपल्या. आता मला इचारू नको."

आबांचं हाड जुळलं, पण वाकडं. घरातल्या घरात काठी टेकत फिरायचे. सवला पुन्हा कधी आले नाहीत, मी गाडीनंच जात राहिले. पण माझ्या मनात ते भिंतीकडं फिरवलेलं तोंड रुतून बसलं होतं. मुराळ्यावाचून आले म्हणून ते दुखावले असतील, असंच मी धरून चालले. वर्षं गेली. ते थकले, अंथरुणाला खिळले, तेव्हा एका दुपारी मी हिय्या करून विचारलं, "आबा, त्या पहिल्या गाडीच्या दिवशी तुम्ही रागावला होतात का हो माझ्यावर?"

"रागावतो कशाला?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" ते म्हणाले. "मोडक्या मांडीनं सवला जाऊन आलो, असं सांगू? आदीच तुजी आयस मला येडा म्हनते." मग म्हणाले, "मलाच कळंना गो. म्हादूशी बोलत पन होतो, नि चालत पन होतो. पाय दुखत नव्हता."

"मी हाक मारली, ती ऐकलीत?"

"ऐकली की."

"मग थांबला का नाहीत? मी गाडी थांबवली होती!"

"म्हनूनच बाजूला झालो. दिसलो असतो तर तू उतरली असतीस, नि माज्याबरोबर चालत आली असतीस. खोऱ्यात पैली गाडी आली, नि माजी लेक चालत यायची?" मग म्हणाले, "म्हटलं, आता निघालोच हाय तर तुज्या सासूला सांगून येतो. पोरगी एकटी बसलीय, पन भ्यायली नाय."

आता तुम्ही म्हणाल, मामंजी जाऊन आले तेव्हा आबांना सगळं कळलं असेल आणि पुढं त्यांनी ते आपल्याच डोक्यात रचलं असेल. असेलही. मीही तसं म्हणून बघितलंय. पण मग सासूबाईंच्या पायरीवर पाणी पिऊन गेलं ते कोण? कंडक्टरनं बघितलं ते कोण? त्या गाडीतलं आता माझ्याशिवाय कुणी राहिलेलं नाही, विचारू कुणाला? इथं कुणाला उलगडा सुचला तर जरूर लिहा, सून वाचून दाखवेल. मला तर एवढ्या वर्षांत काही सुचलेलं नाही.

त्या दिवशी गाडीत मी किती भ्यायले होते, हे मात्र आबांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.